वरच्या मजल्यावरची अंघोळ

उरणजवळ समुद्रकाठी द्रोणागिरीचा डोंगर आहे. मारुतीराय द्रोणागिरी घेऊन लंकेला चालले असता त्याचा एक तुकडा येथे पडला, अशी कथा त्या भागात सांगतात. त्या डोंगराचेच नाव सिडकोने आपल्या नव्या वसाहतीला दिले. उरण तालुक्याच्या या सखल भागात पूर्वी मिठागरे, भातखाचरे आणि खाडीचे पाणी होते. १९८९ साली जवळच न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत लोकल गाडी आली. आता द्रोणागिरीत चार मजली, सात मजली आणि त्याहून उंच इमारती उभ्या आहेत. गावातल्या बैठ्या घरातून निघून कितीतरी माणसे तेथे वरच्या मजल्यावर राहायला गेली.

घर नवे, फरशी गुळगुळीत, न्हाणीघरात भिंतीवर शॉवर. पण नळ सोडला की वरून पाण्याच्या चार-पाच धारा कशाबशा गळतात. डोके भिजायलाच पाच मिनिटे लागतात. आपण म्हणतो, "पाण्याला फोर्सच नाही." मग कोणी सांगतो, मोठा शॉवर आणा. कोणी सांगतो, पंप लावा. कोणी म्हणतो, गच्चीवरची टाकी लहान आहे. ऐकावे कोणाचे?

असे एक घर डोळ्यांसमोर आणा. तळमजला आणि वर चार मजले, अशी इमारत. चौथ्या मजल्यावर एक काकू राहतात. सकाळी मासळी विकून त्यांनी संसार केला. घरात म्हाताऱ्या सासूबाई आहेत. सासूबाईंचे गुडघे गेले. खाली वाकून बादलीतून तांब्या भरणे त्यांना जमत नाही. काकूंनाच रोज त्यांच्या अंगावर पाणी घालावे लागते, आणि त्यात काकूंची कंबर भरून येते. काकूंनी थोडे पैसे गाठीला बांधले आहेत. त्यांना वाटते, मोठा चांगला शॉवर आणला तर म्हातारी आपली आपण अंघोळ करील. दुकानात त्यांनी ताटाएवढा शॉवर पाहून ठेवला आहे. किंमत काही हजारांत. आणण्याआधी त्यांनी नळाचे काम करणाऱ्या मिस्त्रींना बोलावले.

"मिस्त्री, तो ताटासारखा मोठा शॉवर बसवून द्या. पावसासारखं पाणी पडतं म्हणतात."

"बसवतो काकू. पण आधी पाहू द्या, तुमच्या पाइपात पाऊस आहे का ते. बादली द्या एक, दहा लिटरची. आणि घड्याळ."

काकूंना हसू आले. शॉवर आणायचा तर बादली कशाला?

पण मिस्त्रींचे बरोबर होते. ताप आला तर वैद्य आधी नाडी पाहतो. पाण्याची नाडी बादली आणि घड्याळाने पाहायची. मिस्त्रींनी शॉवरखाली बादली ठेवली आणि नळ पूर्ण सोडला. बादली भरायला चार मिनिटे लागली. दहा लिटरला चार मिनिटे, म्हणजे एका मिनिटाला अडीच लिटर. एवढ्या पाण्यात अंगाचा साबण निघत नाही.

मग त्यांनी पान्याने जुना शॉवर फिरवून काढला. भिंतीतून आलेली उघडी नळी तेवढी राहिली. पुन्हा बादली लावली. या वेळी ती दीड मिनिटात भरली. मिनिटाला साडेसहा लिटरांहून थोडे जास्त.

"बघा काकू. पाइपात साडेसहा लिटर येतं, आणि शॉवरातून अडीचच पडतं. बाकीचं अडवलं कोणी?"

काकूंनी शॉवर उलटा करून पाहिला. भोकांवर पांढरे पापुद्रे चढलेले. अर्धी भोके बुजलेली.

ही दोन मापे ज्याला घेता येतात, त्याला दुकानदार सहज फसवू शकत नाही. उघड्या नळीतून मिनिटाला जेवढे पाणी येते, त्याहून अधिक पाणी जगातला कोणताही शॉवर देऊ शकत नाही. शॉवर पाणी तयार करीत नाही. मिळालेले पाणी तो फक्त वाटून देतो. म्हणून आधी उघड्या नळीचे माप घ्यावे, मग दुकानाची पायरी चढावी.

आता पाण्याला जोर कुठून येतो ते पाहू. द्रोणागिरीला सिडको हेटवणे धरणाचे पाणी आणते. हे धरण पेण तालुक्यात आहे. तेथून जलवाहिनीने आलेले पाणी इमारतीच्या तळाशी जमिनीतल्या टाकीत पडते. तेथून पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो. गच्चीवरून ते आपल्या वजनाने खाली उतरते आणि घराघरांत जाते. म्हणजे रस्त्यावरच्या नळाला जोर असो वा नसो, तुमच्या शॉवरला जोर मिळतो तो गच्चीवरच्या टाकीच्या उंचीचा. रस्त्याचे पाणी कमी आले तर टाकी भरत नाही, ते दुःख वेगळे. टाकीत पाणी आहे आणि तरी धार बारीक आहे, तर कारण घरातच शोधावे.

उंचीचा हिशेब सोपा आहे. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ आपल्या तळाशी, अंगठ्याच्या नखाएवढ्या, म्हणजे एक चौरस सेंटिमीटर जागेवर, सुमारे एक किलोचा दाब देतो. या दाबाला कारखान्यातले लोक जवळजवळ एक 'बार' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे दुकानात लागेल. दहा मीटरला एक बार, तर एक मीटरला एक दशांश बार.

काकूंच्या घराचे गणित मिस्त्रींनी भिंतीवर पेन्सिलीने मांडले. शॉवर जमिनीपासून दोन मीटरवर. तेथून गच्चीचा स्लॅब एक मीटर. गच्चीवर टाकी एक मीटर उंच ओट्यावर. टाकीत पाणी काठोकाठ असेल तर आणखी एक मीटर. एकूण तीन मीटर. टाकी रिकामी होत आली की दोनच मीटर उरतात. म्हणजे काकूंच्या शॉवरला जास्तीत जास्त तीन दशांश बार. पावाच्या थोडे वर.

आणि तळमजल्यावर? तेथे चार मजल्यांची उंची आणखी मिळाली. एक मजला तीन मीटर, चार मजले बारा मीटर. तीन आणि बारा पंधरा. दीड बार! तळमजल्यावरच्या वहिनी म्हणतात, "आमच्याकडे तर धो धो येतं." त्यांचे खरे आहे, आणि काकूंचेही खरे आहे. पाणी एकाच टाकीतले. टाकीला जवळ राहणाऱ्याला जोर कमी आणि दूर खाली राहणाऱ्याला जास्त, असा हा उलटा न्याय आहे. सोसायटीच्या बैठकीत यावरून भांडणे होतात. "खालच्यांनी आमचं पाणी ओढलं," असे वरचे म्हणतात. भांडणाआधी हे गणित एकदा फळ्यावर मांडावे.

"मग टाकी मोठी बसवली तर?" काकूंनी विचारले.

हा प्रश्न पुष्कळांना पडतो. पण दाब उंचीवर ठरतो, साठ्यावर नाही. विहीर रुंद केली म्हणून खोल होत नाही. एक हजार लिटरची टाकी आणि पाच हजार लिटरची टाकी एकाच ओट्यावर ठेवली आणि दोहोंत पाणी सारखेच उंच असले, तर शॉवरला दाब सारखाच. मोठ्या टाकीचे पाणी जास्त वेळ पुरेल, एवढेच.

टाकी उंच केली तर मात्र फरक पडतो. एक मीटर उचलली की एक दशांश बार वाढतो. ऐकायला थोडे वाटते. पण काकूंच्या घरी दोनाचे तीन होणे म्हणजे दीडपट. तरी हे काम गड्यांना बोलावून परस्पर करायचे नाही. एक लिटर पाणी एक किलो भरते. पाच हजार लिटरची टाकी म्हणजे पाच टन वजन. पाच टन डोक्यावर घेऊन आपण खाली झोपतो. ओटा वाढवायचा तर इमारतीच्या अभियंत्याला विचारून, खांब-तुळया पाहूनच वाढवावा.

शिवाय दाब दुप्पट झाला म्हणून पाणी दुप्पट पडत नाही. पाणी दुप्पट हवे तर उंची चौपट लागते. तळमजल्याला काकूंच्या पाचपट दाब आहे, पण पाणी दुपटीहून थोडेच जास्त पडते. निसर्गाचा हिशेब असा आहे, त्याला आपला इलाज नाही.

आता शॉवर घेण्याआधी घरातली वाट तपासावी. काकूंच्या न्हाणीघरात मिस्त्रींनी तेच केले. भिंतीवरचा कॉक त्यांनी फिरवून पाहिला. तो अर्धाच उघडा होता! रंगकाम करणाऱ्यांनी कधीतरी बंद केला आणि पुन्हा पुरता उघडला नाही. तो पूर्ण उघडल्यावर उघड्या नळीतून दहा लिटरची बादली सव्वा मिनिटात भरली. मिनिटाला आठ लिटर. एक पैसा खर्च न करता साडेसहाचे आठ झाले.

असे कितीतरी चोर वाटेत बसलेले असतात. शॉवरच्या मानेत जाळीचा वायसर असतो, त्यात टाकीतला गाळ आणि पाइपाचे कपटे अडकतात. जुन्या लोखंडी पाइपात आतून गंज चढतो आणि अर्धा इंची पाइप आतून पेन्सिलीएवढा उरतो. नव्या इमारतींतल्या प्लॅस्टिकच्या पाइपांना गंज चढत नाही, पण त्यांना वळणे फार दिलेली असतात. प्रत्येक वळणावर पाण्याचा थोडा जोर मोडतो. आणखी एक चोर डोळ्यांना दिसत नाही. टाकी पूर्ण रिकामी झाली की पाइपात हवा शिरते. टाकी पुन्हा भरली तरी ती हवा वळणावर अडून बसते आणि पाणी फुसफुसत येते. अशा वेळी घरातले खालचे नळ, म्हणजे मोरीतला आणि कपडे धुण्याचा, सगळे एकदम सोडावेत. हवा निघून गेली की धार सरळ होते. टँकर येण्याच्या दिवसांत, टाकी वरचेवर कोरडी पडते तेव्हा, हा अनुभव पुष्कळांना येतो.

जुना शॉवर फेकू नये. आधी धुऊन पाहावा. भोकांवरचे पांढरे पापुद्रे म्हणजे पाण्यातले क्षार. धरणाच्या पाण्यात ते कमी असतात, कूपनलिकेच्या पाण्यात जास्त. खाडीकाठच्या जमिनीतले पाणी तर बरेचदा मचूळच असते. शिरका, म्हणजे व्हिनेगर, आणि तेवढेच पाणी एका भांड्यात घ्यावे. नाहीतर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालावे. त्यात शॉवर रात्रभर बुडवून ठेवावा. सकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशाने घासावा आणि भोके टाचणीने मोकळी करावीत. संडास धुण्याचे ॲसिड मात्र चुकूनही वापरू नये. शॉवरची चकाकी जाते, हात भाजतात, आणि त्याची वाफ छातीत जाते ती निराळीच. काकूंनी त्या रात्री शॉवर लिंबूसत्त्वात ठेवला. सकाळी परत बसवला तेव्हा बादली दोन मिनिटांत भरली. अडीच लिटरचे पाच लिटर झाले.

येथेच थांबले तरी चालले असते. पण धुऊनही भोके वेडीवाकडी राहिली होती, धारा चारी दिशांना उडत होत्या, आणि सासूबाईंना उभ्याने अंघोळ करणे कठीणच होते. तेव्हा नवे काही आणायचे ठरले. आणायचे ते कोणते?

बागेतली झारी आठवा. झारीचे तोंड मोठे आणि भोके पुष्कळ असली की पाणी अलगद खाली पडते. रोपाला तेच हवे असते. माणसाला अंगावरचा साबण काढायचा असतो, त्याला धारेत थोडा जोर हवा. आता रबरी नळीने अंगणात पाणी शिंपडताना आपण काय करतो? नळीच्या तोंडावर अंगठा दाबतो. पाणी कमी सुटते, पण लांब उडते. याचे कारण असे. पाणी पाइपातून भरभर धावते तेव्हा ते पाइपाच्या अंगाला घासते आणि वळणांवर आपटते. जोर वाटेतच खर्च होतो. तोंड लहान केले की पाणी हळू चालते, वाटेत कमी झिजते, आणि उरलेला सगळा जोर तोंडाशी धारेला मिळतो. पण अंगठा फार दाबला तर पाणीच बंद होते. शॉवर निवडायचा तो याच बेताने.

ताटाएवढा शॉवर कमी दाबाच्या घरात का चालत नाही, ते आता तुमच्या लक्षात आले असेल. त्याला शंभराहून अधिक भोके असतात. मिनिटाला सात-आठ लिटर पाणी एवढ्या भोकांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला थेंबच येणार. मधल्या भोकांतून पाणी गळते आणि कडेची भोके कोरडी राहतात. पाव बारच्या घरात पैसे देऊन तो घेणे म्हणजे बैलगाडीला रेल्वेचे इंजिन जोडण्यासारखे आहे. मोठे शहरी हॉटेल असेल, खाली दाबाचा पंप असेल, तेथे तो शोभतो. माझ्या मते आपल्या इमारतींत वरच्या दोन मजल्यांनी त्याच्याकडे पाहूही नये.

काकू उरणच्या बाजारात गेल्या. दुकानदाराने तोच मोठा शॉवर काढून पुढे ठेवला.

"घ्या काकू, फार खपतो."

"दादा, हा किती दाबावर चालतो?"

"सगळ्यांकडे चालतो हो. त्याला काय होतंय?"

काकू साक्षरतेच्या वर्गाला जातात. इंग्रजी आकडे त्यांना आता ओळखता येतात. त्यांनी खोके उलटे करून बारीक अक्षरे पाहिली. दुकानात सामान काढणाऱ्या मुलाकडून 'बार' हा शब्द तेवढा वाचून घेतला. कमीत कमी दाब एक बार, असे तेथे छापलेले होते.

"माझ्या घरी पाव बार आहे," काकू म्हणाल्या. "मला पावात चालणारा दाखवा."

दुकानदाराने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले, आणि मग मागच्या फळीवरून निराळी खोकी काढली.

खोक्यावर दोन आकडे शोधायचे असतात. एक, कमीत कमी दाब किती लागतो तो. तो आपल्या घरच्या दाबाहून कमी हवा. दुसरा, मिनिटाला किती लिटर पाणी पडते तो. या दुसऱ्या आकड्याला पाहून हुरळू नये, कारण तो कोणत्या दाबावर मोजला हे महत्त्वाचे. अमेरिकेत १९९२ साली पाणी वाचवण्याचा कायदा झाला. शॉवरमधून मिनिटाला अडीच गॅलन, म्हणजे सुमारे साडेनऊ लिटर, यापेक्षा जास्त पाणी पडू नये असे त्यात ठरले. पण हे माप घ्यायचे ते साडेपाच बारच्या दाबावर! तसला पाणी अडवणारा शॉवर आपण पाव बारच्या घरात लावला, तर हिशेबाने त्यातून मिनिटाला जेमतेम दोन लिटर पडतील.

हे पाणी अडवणारे काम एक छोटी प्लॅस्टिकची चकती करते. ती शॉवरच्या मानेत बसवलेली असते आणि तिला मधोमध बारीक भोक असते. दाब भरपूर असेल तेथे ती चकती असू द्यावी, पाणी वाचते. दाब कमी असेल तेथे ती काढता येते का, हे दुकानातच विचारावे. काही शॉवरांत ती चिमट्याने सहज निघते, काहींत निघत नाही. निघत नसेल तर तो शॉवर आपला नव्हे.

बाकी पारख हाताने करायची. तोंड तीन-चार इंचांचे पुरे. भोके थोडी, एकमेकांजवळ आणि सरळ असावीत. भोकांच्या टोकांना मऊ रबर असले तर उत्तम, कारण क्षार चढले की अंगठ्याने चोळून काढता येतात. मानेतून आत पाहावे, वाट मोकळी दिसली पाहिजे. दुकानात उघडून दाखवत नाहीत, तेथून शॉवर घेऊ नये. असा साधा शॉवर काहीशे रुपयांत मिळतो.

पण काकूंनी भिंतीवरचा शॉवर घेतलाच नाही. त्यांनी हातात धरायचा शॉवर घेतला. मिस्त्रींनीच तसे सुचवले होते.

"काकू, आजींना बसून अंघोळ करायची ना? मग पाणी दोन मीटर वर कशाला चढवता? हातातला शॉवर खाली घेतला की टाकीची उंची आपोआप वाढते."

केवढी साधी गोष्ट! टाकी एक मीटर वर उचलणे आणि शॉवर एक मीटर खाली आणणे, पाण्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. टाकी उचलायला अभियंता, सिमेंट, सळया आणि सोसायटीचा ठराव लागतो. शॉवर खाली आणायला लवचिक नळी पुरते. टाकी रिकामी होत आली असताना भिंतीवरच्या शॉवरला दोन मीटर मिळत होते, कमरेच्या उंचीवर धरलेल्याला तीन मिळतात. पाणी त्याने दीडपट होत नाही, सव्वापटीहून थोडे कमी वाढते. नळी आखूड आणि आतून रुंद घ्यावी. फार लांब आणि आतून बारीक नळी असली तर हा सगळा फायदा ती खाऊन टाकते.

मिस्त्रींनी आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, वायसर घातला आणि नळी हाताने घट्ट केली. पान्याचा शेवटचा पाव फेरा दिला. जास्त आवळले तर वायसर फाटतो. मग काकूंनीच बादली लावली. एक मिनिट चाळीस सेकंद. मिनिटाला सहा लिटर. उघड्या नळीतून आठ येते, त्यातले सहा पडले. मिस्त्री म्हणाले, फार छान.

दुसऱ्या दिवशी सासूबाई प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसल्या. शॉवर त्यांनी आधी पायांवर धरला, मग गुडघ्यांवर.

"अगो सूनबाय, दार लाव नि जा बाहेर," त्या म्हणाल्या. "माजी मी करते."

किती दिवसांनी त्यांनी कोणाच्या हाताशिवाय अंघोळ केली होती! काकू बाहेर उभ्या राहून पाण्याचा आवाज ऐकत होत्या. म्हाताऱ्या माणसाच्या न्हाणीत दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. फरशीवर पाय घसरणार नाही अशी खरखरीत चटई हवी, आणि भिंतीला धरायला पक्का दांडा हवा. दाराला आतून कडी लावू देऊ नये.

गरम पाण्याचेही पाहिले पाहिजे. गॅसवर चालणारा गिझर पाण्याच्या जोरानेच पेटतो. बारीक भोकांचा शॉवर लावल्यावर पाणी फार कमी झाले तर तो पेटतच नाही, किंवा मध्येच विझतो. शॉवर घेताना घरी कोणता गिझर आहे हे सांगावे. आणि गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात मुळीच ठेवू नये. त्यातून जो विषारी वायू होतो त्याला वास नाही, रंग नाही. माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. अशा तऱ्हेने माणसे दगावली आहेत. गिझर मोकळ्या हवेत, बाहेरच्या बाजूला हवा.

आता पंपाची गोष्ट. उघड्या नळीचे माप मिनिटाला तीन-चार लिटरच्या वर जातच नसेल, कॉक, जाळी, हवा सगळे पाहून झाले असेल, तर कोणताही शॉवर कामाचा नाही. तेथे दाब वाढवणारा छोटा पंप लागतो. पण तो आपल्या एकट्याच्या पाइपावर, सोसायटीला विचारून बसवावा. सामाईक पाइपावर बसवला तर शेजाऱ्याच्या नळातले पाणी ओढले जाते, आणि मग जिन्यात जे बोलणे होते ते लिहिण्यासारखे नसते. रस्त्याच्या जलवाहिनीला थेट मोटर लावणे तर फारच वाईट. वाहिनीत पोकळी होते आणि जेथे फट असेल तेथून गटाराचे पाणी आत शिरते. एकाच्या अंघोळीपायी सगळ्या आळीला जुलाब व्हायचे.

पंपावर खर्च करण्याआधी एक साधा बदल करून पाहावा. टाकी भरली की लगेच अंघोळ उरकावी. वरच्या मजल्यावर भरलेली टाकी आणि तळाला गेलेली टाकी यांत तीन आणि दोन मीटरचा फरक आहे, हे आपण पाहिले. काकूंच्या इमारतीत पंप पहाटे चालतो. सासूबाई आता पहाटेच अंघोळ करतात. एरवीही त्या लवकरच उठतात.

काकूंनी शॉवरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून न्हाणीघराच्या दारामागे चिकटवला. त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिले: "उघडी नळी ८ लिटर. शॉवर ६ लिटर. पाच लिटर झाले की धुवायचा." खाली तारीख घातली.

अभ्यास

१. तुमच्या घरी दहा लिटरची बादली शॉवरखाली ठेवा. ती किती वेळात भरते? मिनिटाला किती लिटर पाणी पडते, ते काढा.

२. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा शॉवर दहा मिनिटे चालू ठेवला, तर किती पाणी जाईल? साबण लावताना चार मिनिटे बंद ठेवला, तर किती वाचेल? वीस लिटरच्या किती बादल्या झाल्या?

३. गच्चीवरची टाकी तुमच्या शॉवरपासून किती मीटर उंच आहे? त्यावरून तुमच्या घरचा दाब किती बार, ते लिहा.

४. शेजारचे घर तुमच्याहून दोन मजले खाली आहे. त्यांच्याकडे दाब तुमच्यापेक्षा किती जास्त असेल? एक मजला तीन मीटर धरा.

५. 'पाण्याची टाकी एक मीटर उंच करावी काय?' या विषयावर सोसायटीच्या चिटणीसांना पाच ओळींचे पत्र लिहा. टाकीचे वजन किती, ते पत्रात अवश्य घाला.